आगपेटीतला आठवडा

चिंचवडगाव

प्रिय मंजिरी,


मुलांच्या वर्गांचा तुझा तक्ता मिळाला. सोमवारी अबॅकस, मंगळवारी चित्रकला, बुधवारी इंग्रजी संभाषण, गुरुवारी रोबोटिक्स, शुक्रवारी श्लोक. शाळेतून दमून आलेल्या पोरांना पुन्हा पाच तास! यात एखादी गोष्ट अर्धवट ठेवून दुसऱ्या दिवशी परत हातात घ्यायला जागाच नाही. मी त्यावर काट मारली आहे, रागावू नकोस.

आधी शिफ्टचं बघ. मोशीच्या तुमच्या बिल्डिंगमधले बरेच बाप चाकणला कामाला जातात. नाइट करून आलेला माणूस दुपारी झोपलेला असतो, त्याच्या डोक्यावर लेझीम नको. ठोकाठोकी आणि धावपळ खाली पार्किंगमागे, हाताची कामं वर. जावईबापू फर्स्ट शिफ्टला असतील त्या आठवड्यात संध्याकाळी त्यांनाच मुलांत बसव. दिवसभर मापं घेणारा माणूस घरी आला की आपल्याला त्यातलं काही शिकवता येईल हे विसरतो.

आणि आठवडाभर एकच गोष्ट धर: आगपेटीच्या काड्या आणि सायकलची वॉलट्यूब. अरविंद गुप्तांचं नाव तू ऐकलं असशील. १९७५ मध्ये आयआयटी कानपूरची पदवी घेऊन ते आपल्या इथल्या टेल्कोत इंजिनिअर म्हणून लागले. १९७८ मध्ये वर्षभराची रजा काढून मध्य प्रदेशात होशंगाबादच्या विज्ञान शिक्षण कार्यक्रमात गेले आणि तिथे आठवडी बाजारातल्या किरकोळ वस्तूंतून त्यांचा हा काड्यांचा मेकॅनो तयार झाला. पुढे पुण्यात आयुकाच्या मुलांच्या विज्ञान केंद्रात ते कितीतरी वर्षं खेळणी करत राहिले. २०१८ साली पद्मश्री मिळाली. तुमच्या क्लबहाउसमधल्या रोबोटिक्सवाल्याची फी ऐकली की मला हा माणूस आठवतो.

करायचं एवढंच: नळीचा बोटाच्या पेराहून लहान तुकडा कापायचा, दोन्ही टोकांतून एकेक काडी आत सारायची. झाला सांधा. सोमवारी चौकोन करू दे. तो दाबला की कलतो. मंगळवारी त्रिकोण. तो कितीही दाबा, हलत नाही. का, ते तू लगेच सांगू नकोस. चौकोनात आडवी काडी घालायचं कुणाला सुचतं ते पाहा. बुधवारी त्यांना भोसरीच्या एमआयडीसीतली एखादी जुनी शेड रस्त्यावरूनच दाखव. पत्र्याखालच्या लोखंडी कैच्या त्रिकोणांनीच भरलेल्या असतात. शाळेच्या बसमधून रोज दिसतं त्यांना, पण कुणी बघायला सांगितलेलं नाही. मग गुरुवारी पूल बांधा आणि त्यावर एकेक नाणं ठेवत जा.

काड्यांच्या जोडीला सोमवारीच पावाचा ओलसर तुकडा पारदर्शक पिशवीत बंद करून ठेव. शुक्रवारपर्यंत बुरशी धरेल. पिशवी उघडायची नाही, बाहेरूनच भिंगाने बघायचं आणि तशीच फेकायची. तेव्हा पिंपरीच्या एच.ए., म्हणजे हिंदुस्तान अँटिबायोटिक्स, कंपनीची गोष्ट सांग. १९५४ मध्ये सरकारने ती काढली ती पेनिसिलिन देशात बनावं म्हणून, आणि पेनिसिलिन मुळात बुरशीचंच. कॉलनीचं नाव सगळ्यांना पाठ आहे, तिथे काय बनायचं ते नाही.

एखाद्या दिवशी पाऊस आला तर पुस्तकातल्या एका कागदाची जाडी काढायला लाव. शंभर नंबरपर्यंतची पानं पट्टीवर मोजून भागाकार करायचा. बहुतेक मुलं शंभरने भागतील. कागदाच्या दोन्ही बाजूंना नंबर असतो, म्हणजे कागद पन्नासच, हे कुणीतरी ओरडेल. ते मुलांनाच ओरडू दे.

शनिवारी चाकणचा संग्रामदुर्ग. १६६० मध्ये फिरंगोजी नरसाळ्याने शाहिस्तेखानाला तिथे जवळजवळ दोन महिने झुंजवलं. भुईकोट आहे, चढ नाही, लहानगीही येतील. भाषण नको, तटाची लांबी पावलांनी मोजा आणि प्रत्येकाचं उत्तर वेगळं का आलं यावर भांडू दे.

वॉचमनची दोन मुलंही घे. त्यांना मराठी येत नाही म्हणतेस, पण काड्यांना भाषा लागत नाही. तुझ्या इंग्रजी संभाषणाच्या तासाला मात्र ती बाहेरच बसली असती.

रविवार मोकळा ठेव. मी येईन म्हणते, पण गुडघ्याचं काही खरं नाही.

तुझी,
सुमाआत्या

ता. क. काड्यांचे गुल तू स्वतः आधी खरवडून टाक, मुलांच्या हाती तशाच देऊ नकोस. आणि वॉलट्यूब मोठ्या दुकानात मिळायची नाही, पंक्चरवाल्याला विचार.