क्रोइकच्या काचा

उत्तर स्कॉटलंडमधल्या आर्डगे गावातून कॅरन नदीच्या काठाने वर वर जात राहिलं की दहाएक मैलांवर क्रोइक लागतं. गाव म्हणावं असं तिथे फारसं काही नाही. एक चर्च, त्याच्या आवारात जुन्या कबरी, थोडी झाडं आणि आजूबाजूला मेंढ्या. चर्च १८२७ सालचं. सरकारने त्या काळात हायलँड्सच्या दुर्गम भागांत ३२ चर्चेस बांधली, सगळी थॉमस टेलफर्ड या इंजिनिअरच्या साच्यातली. मी खरं तर टेलफर्डसाठी गेले होते. पूर्वेच्या खिडकीपाशी पोहोचले आणि टेलफर्ड डोक्यातून गेला.

खिडकीच्या काचा शंकरपाळ्याच्या आकाराच्या, लहान लहान. त्यांवर बाहेरच्या बाजूने टोकदार कशाने तरी कोरलेली अक्षरं आहेत. २४ मे १८४५ रोजी ग्लेनकॅल्वीची माणसं इथे चर्चच्या आवारात होती, असं एका ठिकाणी. दुसऱ्या ठिकाणी: ग्लेनकॅल्वीची माणसं, दुष्ट पिढी.

ग्लेनकॅल्वी म्हणजे जवळचीच एक दरी. तिथे अठरा घरं होती, नव्वदएक माणसं. सगळी कुळं. खंड थकवल्याचं कुणी म्हटलेलं नाही. पण मेंढपाळीचा मोठा धंदा करणारा एकच माणूस जास्त पैसे देत असेल तर अठरा चुली कशाला, असा तो साधा हिशेब. हायलँड्सभर हेच चाललं होतं. १८४२ मध्ये नोटिसा बजावायला माणसं आली तेव्हा दरीतल्या बायकांनी त्यांना अडवलं आणि ते कागद जाळून टाकले. (या बायकांची नावं कुठल्या तरी काचेवर हवी होती.) तीन वर्षांनी मात्र जमीनदाराचा कारभारी जेम्स गिलँडर्स याने दरी रिकामी करून घेतलीच.

माणसं क्रोइकला आली, पण चर्चच्या आत नाही, आवारात. दोनच वर्षांपूर्वी स्कॉटलंडचं चर्च दुभंगलं होतं. त्यांचे पाळक गस्टेव्हस एर्ड नव्या फ्री चर्चमध्ये गेले होते आणि माणसं त्यांच्या मागोमाग. म्हणून कबरींमध्ये खांब रोवून त्यांवर ताडपत्री, घोंगड्या, पांघरुणं टाकली आणि खाली बिऱ्हाडं मांडली. लंडनच्या ‘टाइम्स’चा बातमीदार तिथे येऊन गेला. त्याने मोजदाद केली, त्यात दहा वर्षांखालची मुलंच तेवीस होती.

‘दुष्ट पिढी’ ही ओळ मी पुन्हा पुन्हा वाचली. ती गिलँडर्सला उद्देशून असावी अशी माझी फार इच्छा होती. पण सरळ वाचलं तर ती त्यांनी स्वतःलाच म्हटली आहे. घर सुटलं ते आपल्या पापांमुळे, ही देवाने दिलेली शिक्षा, असं त्या काळी हायलँड्समध्ये प्रवचनांतून सांगितलं जाई. बहुतेकांना हे वाचून गहिवरून येतं. मला राग आला. जमीन गेलीच, वर दोषही आपल्याच पदरात घेऊन निघायचं!

आणि हे सगळं इंग्रजीत. ही माणसं गेलिक बोलणारी. एकमेकांना हाका मारल्या त्या गेलिकमध्ये, प्रार्थना केली ती गेलिकमध्ये, आजारी माणसाला पाणी हवंय का विचारलं तेही गेलिकमध्येच असणार. काचेवर मात्र परकी भाषा. ज्यांनी हे वाचायला हवं होतं त्यांना गेलिक येत नव्हती, हे कोरणाऱ्याला पक्कं ठाऊक असावं, असं मला वाटतं. मागे राहणाऱ्या चार ओळींसाठीसुद्धा आपली भाषा उपयोगाची नाही, हे कळण्याइतकी शहाणी होती ती माणसं.

पाऊस आला म्हणून मी आत गेले. बाकावर बसून त्याच खिडकीकडे पाहिलं. अक्षरं बाहेरून कोरलेली, त्यामुळे आतून सगळी उलटी दिसत होती.