मुंबईत उतरावे कोठे

॥ श्री भगवती प्रसन्न ॥

मु. पो. धामापूर, ता. मालवण, जि. सिंधुदुर्ग

चिरंजीवास, सूनबाईंस व बाळगोपाळांस,

परदेशातून मुलाबाळांसह येणाऱ्या कुटुंबाने गावची गाडी पकडण्याआधी मुंबईत चार दिवस काढायचे असतील, तर ते शहराच्या कोणत्या भागात काढावेत, या प्रश्नाला धामापूर, काळसे, चौके या पट्ट्यातल्या जुन्या माणसांकडून बहुधा ‘दादर’ हे एकच उत्तर मिळते, आणि ते इतक्या ठामपणे मिळते की त्यामागे काही कारण असेल, हे विचारणाऱ्याच्या ध्यानातही येत नाही. कारण आहे, आणि ते शतकाहून अधिक काळच्या मुंबई-कोकण येरझाऱ्यांत दडलेले आहे. चिरंजीवाने ते विचारले, म्हणून येथे जरा विस्ताराने मांडले आहे.

मुंबईतील पहिल्या कापडगिरणीची स्थापना १८५४ साली ताडदेव येथे झाली आणि पुढील अर्धशतकात लालबाग, परळ, वरळी, शिवडी या भागांत गिरण्यांची धुराडी एकामागून एक उभी राहिली. त्यांना लागणाऱ्या कामगारांचा मोठा भाग तेव्हाच्या रत्नागिरी जिल्ह्यातून गेला; मालवण तालुकाही त्याच जिल्ह्यात होता, कारण सिंधुदुर्ग हा वेगळा जिल्हा १ मे १९८१ रोजी झाला. धामापूरला विजयनगरचे मांडलिक नागेश देसाई यांनी १५३० साली बांधवलेल्या तलावाचे पाणी होते, ज्या तलावाला २०२० साली आंतरराष्ट्रीय सिंचन व निचरा आयोगाने जागतिक वारसा सिंचन रचनेचा मान दिला. परंतु तलावाखालचे मळे सोडले तर भोवतालच्या गावांत भात आणि नाचणी पावसाच्या भरवशावर, तीही वर्षाकाठी एकदाच, आणि वाटण्या होत होत तुकडे झालेल्या जमिनीत. घरातला एक तरी पुरुष मुंबईला धाडल्याशिवाय चूल पेटत नसे, आणि अशा पुरुषाला गावात ‘चाकरमानी’ म्हणत, म्हणजे मुंबईत चाकरी करून गावच्या घराला पैसे धाडणारा.

हा चाकरमानी समुद्रमार्गे जाई. मालवणचा किनारा खडकाळ असल्याने आगबोट दूर पाण्यात उभी राही, तिथपर्यंत उतारूंना पडावातून, म्हणजे माणसे व माल वाहणाऱ्या छोट्या होडीतून, नेले जाई, आणि मुंबईला भाऊच्या धक्क्यावर उतरल्यावर ट्रंक आणि वळकटी घेऊन त्याला मुक्काम गाठावा लागे. तो मुक्काम कोठे असावा याचा निर्णय त्याने घ्यायचाच नसे. तो गावाने आधी घेऊन ठेवलेला असे. या व्यवस्थेला ‘गावकीची खोली’ म्हणतात. एका गावाच्या किंवा वाडीच्या मंडळींनी गिरण्यांच्या वस्तीतल्या, म्हणजे गिरणगावातल्या, चाळीत एक खोली सामाईक भाड्याने घ्यायची, दरमहा वर्गणी काढायची, आणि गावातून येणाऱ्या कोणालाही तेथे अंग टेकायला जागा द्यायची, असा तो रिवाज. सरकारच्या बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने १९२०च्या दशकात वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी येथे बांधलेल्या २०७ बीडीडी चाळींतली एकेक खोली अवघी १६० चौरस फुटांची होती, आणि खासगी चाळींतल्या खोल्याही फारशा ऐसपैस नव्हत्या. अशा एकेका खोलीत वीस-वीस, कधी त्याहून अधिक माणसे नावाला राहत. नावाला, कारण ती सगळी एका वेळी तेथे कधी नसत. पहिल्या पाळीचा उठून गेला की रात्रपाळीचा येऊन त्याच जागेवर पडे, आणि उकाड्याच्या दिवसांत बहुतेक जण गॅलरीत नाहीतर फुटपाथवर झोपत. भिंतीला लागून ट्रंकांची उतरंड, वर दोरीवर कपडे, फळीवर ग्रामदेवतेची तसबीर आणि खिळ्याला अडकवलेली वर्गणीची वही एवढेच सामान. जेवण जवळच्या खानावळवालीकडे. या खानावळवाल्या बहुतेक गिरणी कामगारांच्याच घरच्या बायका होत्या आणि त्यांना सावकाराच्या विळख्यातून सोडवण्यासाठी प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केले.

खोली कोठे घ्यायची याचे गणित सरळ होते. गिरणीच्या भोंग्याचा आवाज ऐकू आला पाहिजे, पायी जाता आले पाहिजे, आणि शेजारच्या गावाची खोली त्याच चाळीत असली तर उत्तम, कारण कोणी आजारी पडला किंवा कोणाची नोकरी गेली तर सांभाळणारे हात वाढतात. हे केवळ कोकणी माणसाने केले असे नाही. गोव्याच्या ख्रिस्ती गावांचे ‘कूड’, म्हणजे धोबीतलाव व माझगाव भागातले गाववार क्लब, याच तत्त्वावर चालत. बोटीवर नोकरीला जाणारे खलाशी तेथे दोन बोटींमधल्या काळात उतरत, ट्रंका ठेवत आणि संध्याकाळी आल्तारासमोर, म्हणजे वेदीसमोर, तेर्स म्हणजे जपमाळेची प्रार्थना म्हणत. चीनमध्येही परमुलखात आलेल्या प्रांतवासीयांसाठी ‘हुइगुआन’ नावाच्या वास्तू शतकानुशतके होत्या. अनोळखी शहरात उतरताना माणूस आधी ओळखीचा आवाज शोधतो, हे त्यांत समान आहे.

परंतु या सुंदर व्यवस्थेत एक मोठी त्रुटी होती, आणि तिच्याविषयी गावातले आठवणी सांगणारे पुरुष फारसे बोलत नाहीत. खोलीत बाईमाणसाला जागा नव्हती. १९२१च्या जनगणनेत मुंबईतील स्त्रियांची संख्या पुरुषांच्या निम्म्याहून थोडीच अधिक भरली, त्यामागे अशा हजारो खोल्या आहेत. बायको गावी शेत, गुरे आणि सासूसासरे सांभाळी आणि मनिऑर्डरची वाट पाही. त्यामुळे पुरुषाच्या दृष्टीने जो भाग सर्वांत सोयीचा, तोच कुटुंबाच्या दृष्टीने निरुपयोगी, अशी स्थिती निर्माण झाली, आणि बायको बाळंतपणात अडली, मूल आजारी पडले किंवा मुलाच्या शाळेचा प्रश्न आला की चाकरमान्याला दुसरा भाग शोधावा लागे. ज्याला कारकुनी, छापखाना किंवा पेढीवरची नोकरी मिळाली असेल तो गिरगावात बिऱ्हाड करी. तेथे चाळींच्या बरोबरीने ‘वाड्या’ होत्या, म्हणजे हमरस्त्यापासून आत शिरलेल्या अरुंद गल्ल्यांभोवतीची वस्ती, जिथे तोंडाशी अनोळखी माणूस दिसला की दहा खिडक्यांतून डोळे लागत. खोताची वाडी, केळेवाडी, फणसवाडी ही नावे त्यातलीच. पोर गॅलरीतून नजरेआड होत नसे आणि शाळा पायी गाठता येई. मालवणी बाईने गिरगाव पसंत केले ते एवढ्यासाठी.

दादर त्याच्या नंतरचे. १८९६ साली मुंबईत प्लेग आला, दाट वस्तीत हवा आणि उजेड नाही म्हणून तो पसरतो असे मानले गेले, आणि १८९८ साली शहर सुधारणेसाठी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. त्याने दादर-माटुंगा भागात आखणी करून जी वसाहत उठवली, तीतून हिंदू कॉलनी व पारशी कॉलनी निघाल्या. रुंद रस्ते, झाडे, इमारतींमध्ये मोकळी जागा आणि पश्चिमेला १९२५ साली खुले झालेले शिवाजी पार्कचे मैदान, हे सगळे कुटुंब डोळ्यांसमोर ठेवून रचलेले होते, एकट्या कामगारासाठी नव्हे. शिवाय परळच्या अंगाला केईएम (१९२६), मुलांचे वाडिया (१९२९) आणि टाटा (१९४१) ही रुग्णालये उभी राहिली, आणि गावाकडून दुखणे घेऊन येणाऱ्यांची सारी वाट दादरवरून जाऊ लागली. गावातल्या जुन्या माणसांच्या तोंडी ‘दादर’ बसले ते असे: तेथे नातलग होते म्हणून थोडे, आणि बायकामुलांना घेऊन निर्धास्त उतरता येणारा, गिरणगावापासून हाकेच्या अंतरावरचा भाग तोच होता म्हणून पुष्कळ.

१८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या गिरणी संपानंतर गिरण्या बंद पडत गेल्या आणि खोल्यांचा मूळ हेतूच सरला. तरीही काही गावकीच्या खोल्या टिकून आहेत, कारण १९४७च्या भाडे नियंत्रण कायद्याने त्यांची भाडी जवळजवळ गोठवली होती. आता तेथे कॉलेजला आलेली मुले आणि रुग्णांचे नातलग राहतात. त्या कुतूहलाने पाहाव्यात, लहान मुलांना घेऊन उतरण्याजोग्या नाहीत.

‘दादर’ हे उत्तर आज कितपत खरे आहे, हे तपासून घेणे योग्य. विमानतळालगतची अंधेरीची हॉटेले एका रात्रीपुरती ठीक, पण तेथे हॉटेलच्या दारातून बाहेर पडून मुलाचा हात धरून दहा मिनिटे चालावे असे फारसे काही नाही. कुलाब्यात पाहण्यासारखे पुष्कळ आहे, तथापि तेथे पैसे अधिक जातात आणि गावची गाडी दूर पडते. दादरला, विशेषतः शिवाजी पार्कच्या बाजूला, संध्याकाळी आजीआजोबा, नातवंडे आणि क्रिकेटच्या नेटची पोरे एकाच मैदानाभोवती दिसतात. उच्च न्यायालयाच्या आदेशाने २०१० साली तो परिसर शांतता क्षेत्र ठरला असल्याने मूल दुपारी झोपू शकते, आणि मालवणी जेवण मिळण्याची ददात नाही. भुयारी मेट्रो ३ मुळे २०२५ पासून विमानतळाच्या टी-२ स्थानकातून दादरला गाडी न बदलता येता येते. मात्र ‘दादर’ म्हणून स्थानकाला चिकटलेले लॉज कोणी सुचवले तर ते घेऊ नये: पश्चिमेला पहाटेपासून फुलबाजार, दिवसभर रानडे रोडची खरेदी, आणि बाबागाडी ढकलायला फुटपाथ नाही. ६ डिसेंबरच्या आसपास यायचे असेल, तर चैत्यभूमीला अभिवादनासाठी लाखो लोक येतात व रस्त्यांवरची वाहतूक वळवली जाते, हेही तिकीट काढण्याआधी ध्यानात घ्यावे. हिंदू कॉलनीची बाजू त्या दिवसांत अधिक सोयीची.

राहिली गाडी. दादरहून सावंतवाडीला जाणारी तुतारी एक्स्प्रेस मध्यरात्र उलटताच सुटते, आणि झोपेला आलेली मुले उचलून नेताना मुक्काम स्थानकापासून टॅक्सीच्या अल्प अंतरावर असणे किती मोलाचे, हे वेगळे सांगायला नको. येथे दोन गोष्टींनी अनेकांची फसगत होते. गाडी बाराच्या पुढे सुटत असल्याने शनिवारी रात्री निघायचे असेल तर तिकिटावर रविवारची तारीख हवी. आणि डिसेंबर २०२३ पासून दादरच्या फलाटांना पश्चिमेकडून पूर्वेकडे सलग क्रमांक दिले गेल्याने गावातल्या कोणी जुना फलाट क्रमांक छातीठोकपणे सांगितला तरी तो मानू नये, स्थानकावरची पाटी वाचावी. उतरायचे कुडाळला, सावंतवाडीला नव्हे; तेथून नेरूरपारमार्गे मालवणचा रस्ता थेट धामापूरवरून जातो, आणि रिक्षा ठरवताना ‘मालवण’ न सांगता ‘धामापूर, भगवतीचे देऊळ’ असे सांगावे, म्हणजे भाडे वाजवी पडेल.



काकांचे व काकूंचे आशीर्वाद.