गोळी आणि गोळे

आपल्या गोव्यात 'पेरू' हा शब्द जपून वापरावा लागतो. मराठीत पेरू म्हणजे फळ, तिखटमीठ लावून खायचं. पण आमच्या वाड्यावरच्या आंटी डिसेंबरमध्ये "यंदा पेरू सांगून ठेवलाय" म्हणाल्या, की तो पेरू दोन पायांवर चालणारा असतो. पोर्तुगीज भाषेत टर्की पक्ष्याला पेरू म्हणतात. ह्या पक्ष्याच्या नावांची गंमतच आहे. इंग्रज त्याला तुर्कस्तानचा समजतात, तुर्क त्याला 'हिंदी' म्हणतात, फ्रेंच नावातही हिंदुस्थान दडलेला आहे आणि पोर्तुगीजांनी त्याला पेरू देशाचा करून टाकलं. बिचारा मूळचा मेक्सिकोकडचा. एवढ्या नावांत मेक्सिको कुठेच नाही.

आणि तो हिंदुस्थानात आला तो गोव्यातूनच. १६१२ साली मुकर्रब खान गोव्याहून काही दुर्मिळ प्राणी-पक्षी घेऊन जहांगीर बादशहाकडे गेला, त्यात हा होता. बादशहाला त्याच्या डोक्यामानेचे बदलते रंग बघून एवढं नवल वाटलं की त्याने आत्मचरित्रात त्याचं वर्णन लिहिलं आणि उस्ताद मन्सूरकडून चित्र काढून घेतलं. ते चित्र आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये आहे.

मंडळाच्या ई-अंकासाठी काहीतरी पाठव, असा सरांचा निरोप आला तेव्हा तुम्ही सगळे कविता पाठवणार हे मला ठाऊक होतं. मी खिमा पाठवते आहे. कारण गेले आठ महिने मी इंग्लंडमध्ये स्विंडनला दादा-वहिनीकडे राहते, आठवड्यातले चार दिवस गाडीने ब्रिस्टलला युनिव्हर्सिटीत जाते, आणि इथे टर्की फक्त नाताळात खायचा पक्षी नाही. दुकानात त्याचा खिमा बारा महिने मिळतो, पाव किलो-अर्धा किलोच्या पाकिटात. स्विंडनमध्ये गोंयकार इतके आहेत की बसमध्ये कोकणी ऐकू येते. आजोबांच्या जन्मदाखल्यावर पोर्तुगीज पासपोर्ट, आणि त्या पासपोर्टवर इथलं गोदाम, असा बहुतेकांचा रस्ता. दादाचाही तोच.

दादा रात्रपाळीला जातो. रात्री दहा ते सकाळी सहा. वहिनी वृद्धाश्रमात दिवसपाळी करते. दोघांची भेट स्वयंपाकघराच्या दारात, एकाने बूट घालताना आणि दुसऱ्याने काढताना. अशा घरात जेवण म्हणजे काय, तर मध्यरात्री मिळेल ते. दादाचं ठरलेलं होतं: पहाटे तीनच्या सुट्टीत तळलेली कोंबडी आणि चिप्स.

जानेवारीत त्याची रक्ततपासणी झाली. कोलेस्टेरॉल बरंच वर, साखर काठावर. दादा छत्तीस वर्षांचा आहे. आमचे बाबा एक्कावन्नाव्या वर्षी गेले, झोपेतच, हृदयविकाराच्या झटक्याने. तेव्हा दादाचं कॉलेजचं शेवटचं वर्ष होतं. ते वर्ष त्याने पुरं केलं नाही. रिपोर्ट आला त्या दिवशी घरात हे कोणी बोललं नाही, पण वहिनीने फ्रीजमधले सॉसेज मुकाट्याने शेजाऱ्यांना देऊन टाकले.

मग सुरू झालं पथ्य. मटण बंद, तळण बंद, लोणी बंद, मीठ कमी. उकडलेल्या ब्रोकोलीचे आणि कोरड्या चिकनच्या तुकड्यांचे डबे आम्ही भरायचो. डबा सकाळी तसाच परत यायचा, आणि जॅकेटच्या खिशात चिप्सचं बिल सापडायचं. वहिनी एकदा रडली. दादा म्हणाला, "काय गो, मरायच्या आधीच तेराव्याचं जेवण कशाला?" बोलणं कडू होतं, पण मला त्यात तथ्य दिसलं. आम्ही त्याच्या ताटातून एकेक वस्तू काढत होतो आणि त्या रिकाम्या जागी काहीच ठेवत नव्हतो.

बाबा रविवारी म्हापशाच्या बाजारातून मटणाचा खिमा आणायचे आणि आई त्याचे गोळे करायची, लिंबाएवढे नव्हे, चांगले मोठे. दादाचे आठ ठरलेले. पथ्यात गोळे बसवता येतील का, असा शोध मी सुरू केला आणि सगळीकडे एकच पाककृती समोर यायला लागली: टर्कीचे 'हेल्दी एशियन' गोळे, वर संत्र्याचा ग्लेझ. वहिनी म्हणाली, "एशियन म्हणजे? आपण कोण मग?" तिचं बरोबर आहे. इंग्लंडमध्ये कुणी एशियन म्हटलं की बहुधा तुमच्या-माझ्यासारखे लोक. अमेरिकेत त्याच शब्दाने चीन-जपान-कोरिया डोळ्यांपुढे येतात. पाककृती अमेरिकन, म्हणून एशियन म्हणजे सोया सॉस, आलं आणि तिळाचं तेल. खरं तर आशियाभर गोळेच गोळे आहेत. चीनमधल्या यांगझोऊचे डुकराच्या मांसाचे भलेमोठे 'सिंहमुख' गोळे, जपानचे काडीवर भाजलेले कोंबडीचे त्सुकुने, इंडोनेशियाचा रस्स्यातला बाक्सो. आपला कोफ्ता तर फारसीतला, 'कुटणे' ह्या अर्थाच्या शब्दापासून आलेला. आणि गोड संत्रंही मूळ चीनकडचं, पण ते पोर्तुगीजांच्या व्यापारातून पसरलं म्हणून फारसीत त्याला 'पोर्तगाल' म्हणतात. एका कढईत इतके पोर्तुगीज येतील असं मला वाटलं नव्हतं.

आता 'हेल्दी' ह्या शब्दाकडे बघू, कारण दादाचा जीव त्यावर होता. टर्कीचा खिमा म्हणजे आपोआप कमी चरबीचा, हे खरं नाही. पाकीट वाचावं लागतं. इथे छातीच्या खिम्यात दोन टक्के चरबी असते, मांडीच्या खिम्यात सातच्या आसपास, आणि कातडीसकट दळलेला असेल तर बरीच जास्त. मी मांडीचा घेते. दोन टक्केवाला भाजला की खोडरबर होतो, आणि जे खाल्लंच जात नाही ते पौष्टिक असून उपयोग काय?

मिठाचा हिशेब जास्त महत्त्वाचा. साध्या सोया सॉसच्या एका मोठ्या चमच्यात सुमारे ९०० मिलिग्रॅम सोडियम असतं. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला २००० च्या आत राहा म्हणते. आणि पाककृती बिनधास्त पाव कप सोया घाला म्हणतात, वर तो आटवायला सांगतात! आम्ही कमी मिठाचा सोया आणला आणि क्रम बदलला. आधी रस आटवायचा, सोया शेवटी. मधही पाव कप सांगतात, आम्ही एक छोटा चमचा. रस आटतो तेव्हा पाणी जातं, साखर तिथेच राहते, त्यामुळे गोडी आपोआप वाढते. म्हणूनच प्रत्येकाला ग्लेझ दोनच चमचे. साखर काठावर असलेल्या माणसाला वाटीभर रस ओतायचा नाही.

तिसरी गोष्ट कुठल्याच पाककृतीत नव्हती. दादाला कोलेस्टेरॉलसाठी अॅटोरव्हास्टॅटिनची गोळी दिली आहे. तिच्या पाकिटातल्या कागदावर ग्रेपफ्रूटबद्दल इशारा आहे. आतड्याच्या अस्तरात एक एन्झाइम असतं, ते ह्या औषधाचा काही भाग रक्तात जायच्या आधीच मोडून टाकतं. ग्रेपफ्रूटमधली द्रव्यं त्या एन्झाइमलाच निकामी करतात, मग ठरल्यापेक्षा जास्त औषध रक्तात उतरतं. तसलीच द्रव्यं पपनसात असतात आणि सेव्हिलच्या कडू संत्र्यातही, जी इथे जानेवारीत मार्मलेडसाठी ढिगाने येतात. 'सिट्रस ग्लेझ' म्हणून कुणी काहीही पिळलं तर? मी फार्मासिस्टला विचारून घेतलं. साधं गोड संत्रं आणि लिंबू चालेल, म्हणाली. तुमच्या घरात कुणी अशी गोळी घेत असेल तर तुम्हीही विचारा.

आता कृती. अर्धा किलो मांडीचा खिमा. चाळीस ग्रॅम ओट्स, तीन मोठे चमचे दुधात दहा मिनिटं भिजवून. हे भिजवणं टाळू नका. भाजताना मांसातली प्रथिनं आवळतात आणि पाणी पिळून बाहेर टाकतात. मटणात चरबी असते म्हणून ते खपून जातं. इथे ओट्सचा चिक मध्ये बसतो आणि पाणी धरून ठेवतो. शंभर ग्रॅम मश्रूम अगदी बारीक चिरून कोरड्या तव्यावर परतायची, पाणी आटेपर्यंत. आपल्या पावसातल्या अळम्यांची सर त्यांना नाही, पण मटणासारखी खोल चव आणतात, त्यामुळे मीठ कमी पडलेलं जाणवत नाही. खिम्यात एक मोठा चमचा सोया घालून आधी तेवढंच दोन मिनिटं मळायचं, हाताला चिकटायला लागेपर्यंत. चिनी स्वयंपाकी एकाच दिशेने घोळतात. दिशेपेक्षा मीठ आणि वेळ महत्त्वाची. मिठाने प्रथिनं चिकट होतात आणि गोळा फुटत नाही. मग एक अंडं, ओट्स, मश्रूम, किसलेलं आलं, लसूण, पातीचा कांदा, चमचाभर तिळाचं तेल, आणि दादासाठी एक हिरवी मिरची. ह्यानंतर हलक्या हाताने कालवायचं, पोळीची कणीक तिंबतो तसं मुळीच नाही. वीस मिनिटं फ्रीजमध्ये. मग ओल्या हातांनी लाडू वळतो तसे चोवीस गोळे, आणि २०० अंशांवर तापलेल्या ओव्हनमध्ये पंधरा-सोळा मिनिटं. कापून रंग बघण्यात अर्थ नसतो, टर्की शिजूनही कधी गुलाबी दिसते. इथे अन्नाची सुई सहज मिळते. आतलं तापमान ७५ अंश झालं आणि अर्धा मिनिट तिथेच टिकलं, की झालं.

तोवर दोन संत्र्यांचा रस आणि आल्याचे काप पातेल्यात निम्मे होईपर्यंत उकळायचे. साल मात्र आधीच किसून बाजूला ठेवायची, फक्त नारिंगी भाग. खालचा पांढरा कडू असतो. संत्र्याचा वास रसापेक्षा सालीतल्या तेलात जास्त असतो आणि ते तेल उकळलं की उडून जातं. म्हणून साल शेवटी, गॅस बंद केल्यावर. त्याआधी मध, एक मोठा चमचा सोया, पाण्यात कालवलेलं छोटा चमचाभर कॉर्नफ्लोअर. पाककृतीत तांदळाचं व्हिनेगर लिहिलेलं असतं. वहिनीने कपाटातून गोव्याहून आणलेली माडाच्या व्हिनेगरची बाटली काढली. दोन चमचे घातलं आणि स्वयंपाकघराला एकदम घरचा वास आला. शेवटी लिंबू, गोळे त्यात हलकेच घोळवायचे, वरून भाजलेले तीळ.

पहिल्यांदा केले तो फेब्रुवारीतला रविवार होता, बाहेर बर्फाळ पाऊस. दादा झोपून उठला आणि वास घेत आला. ताटात उकड्या तांदळाचा भात, वाफवलेल्या शेंगा आणि सहा गोळे. त्याने एक तोंडात टाकला. काही बोलला नाही. दुसरा घेतला. मग विचारलं, "मटण नाही ना गो हे?" मी सांगितलं, पेरू आहे. तो हसला, जानेवारीपासून पहिल्यांदा. सहाच्या सहा संपवून त्याने आईला व्हिडिओ कॉल लावला आणि रिकामं ताट दाखवलं. आई म्हणाली, "बाबांना आंबटगोड आवडलं नसतं हां." मग थोडा वेळ कोणीच काही बोललं नाही. आईच पुढे म्हणाली, "पण खाल्ले असते."

आता रविवारी दुप्पट करतो आणि निम्मे फ्रीझरमध्ये टाकतो. डबा रिकामा परत येतो. गोदामातला त्याचा एक पोलिश सोबती कृती मागत होता. खिशात चिप्सचं बिल अजूनही कधी कधी सापडतं, वहिनी ते बघून न बघितल्यासारखं करते. एप्रिलमध्ये पुन्हा रक्त तपासलं, तर कोलेस्टेरॉल बरंच उतरलं होतं. वहिनी म्हणाली, "गोळ्यांमुळे." कुठल्या गोळ्यांमुळे ते कोणी विचारलं नाही. माझ्या मते श्रेय औषधाचंच जास्त, पण जेवणाच्या टेबलावर मी वाद घातला नाही.

सप्टेंबरात माझा कोर्स संपेल आणि मी परत येईन. म्हणून गेल्या रविवारी ओट्स भिजवण्यापासून सगळं दादाने केलं, मी नुसती खुर्चीवर बसले होते. चोवीसच्या जागी त्याने चौदाच वळले. एवढे मोठे का, असं विचारलं तर म्हणाला, "बाबांच्या वेळचे एवढेच असायचे." मला हरकत नाही. फक्त त्या मापाला ओव्हनमध्ये सहा-सात मिनिटं जास्त लागतात, आणि सुई मधोमध खुपसून बघायची, कडेला नाही.