लॉटीबाईंचा नाताळ

नाताळात अमेरिकेतल्या लोकांच्या कानावर काही घालायचं असेल, तर चीनच्या शानतुंग प्रांतातून सप्टेंबरातच पत्र टाकावं लागे. आधी खेचराच्या पाठीवरून बंदर, मग बोटीने प्रशांत महासागर, मग आगगाडीने व्हर्जिनियातलं रिचमंड. १५ सप्टेंबर १८८७ रोजी तिथल्या अमेरिकन बाप्टिस्ट मिशनरी शार्लट ऊर्फ लॉटी मून यांनी असंच एक पत्र लिहिलं. ते त्यांच्या मिशनच्या मासिकात डिसेंबरात छापून आलं.

मागणी साधी होती. नाताळाच्या आधीचा आठवडा बायकांनी प्रार्थनेसाठी आणि परदेशातल्या कामाला वर्गणी देण्यासाठी राखून ठेवावा. मेथॉडिस्ट पंथाच्या बायका हे करत होत्या, मग आपल्या बाप्टिस्ट बायकांनी का करू नये? सणाला सगळे एकमेकांना काही ना काही देतातच. त्यातलं थोडं दूरवरच्यांसाठी काढावं. पत्र लिहिताना बाई ४६ वर्षांच्या होत्या आणि घर सोडून त्यांना चौदा वर्षं झाली होती.

लॉटीचा जन्मही डिसेंबरातला, १२ डिसेंबर १८४०चा. व्हर्जिनियाच्या आल्बमार्ल परगण्यात मून घराण्याचा ‘व्ह्यूमाँट’ नावाचा तंबाखूचा मोठा मळा होता. तो कसत होती गुलाम माणसं. अमेरिकेच्या दक्षिणेतल्या अशा मळ्यांवर गुलामांना वर्षातली सगळ्यांत मोठी सुट्टी नाताळाच्या आठवड्यात मिळे. आणि लगोलग १ जानेवारीला, पुढच्या वर्षासाठी कुणाला कोणाकडे भाड्याने द्यायचं याचे सौदे होत. नवरा एकीकडे, बायको दुसरीकडे, पोरं तिसरीकडे. मोठ्या घरातल्या मुलांच्या वाट्याला सणाचा गोडवा आला आणि त्याची किंमत दुसऱ्यांनी मोजली. लॉटीच्या बालपणाविषयी लिहिताना हे वगळणं बरोबर होणार नाही.

ती शिकली मात्र भरपूर. लॅटिन, ग्रीक, फ्रेंच यांसारख्या अनेक भाषा तिला येत. १८६१ साली तिने एम.ए. केलं, दक्षिणेत ही पदवी मिळवणाऱ्या अगदी पहिल्या स्त्रियांत तिची गणना होते. कॉलेजात धर्माची टर उडवणारी मुलगी म्हणून तिची ख्याती होती. डिसेंबर १८५८ मध्ये शार्लट्सव्हिलला जॉन ब्रॉडस यांची प्रवचनं चालू होती. त्या दिवसांत तिचं मन पालटलं आणि तिने बाप्तिस्मा घेतला. पुढे यादवी युद्ध झालं, घरची सुबत्ता ओसरली आणि ती शिक्षिका झाली.

त्या काळात अविवाहित बाईने एकटीने मिशनवर जाणं सहज मान्य होण्याजोगं नव्हतं. अमेरिकेतून अशा निघालेल्या पहिल्या काही जणींतल्या एक, सिंथिया फरार, १८२७च्या डिसेंबरात मुंबईला उतरल्या. पुढे त्यांनी अहमदनगरला मुलींच्या शाळा चालवल्या. सावित्रीबाई फुले यांनी अध्यापनाचे धडे ज्यांच्याकडे घेतले असं चरित्रकार सांगतात, त्या याच फरारबाई. १८६२ साली त्या नगरलाच वारल्या. त्यांचा मुलूख न्यू इंग्लंड. तिथल्या जुन्या प्युरिटन वळणात नाताळ हा सण मानतच नसत. त्याच मुलखातल्या मॅसॅच्युसेट्समध्ये २५ डिसेंबरची सुट्टी कायद्याने मिळाली ती थेट १८५६ साली. त्यामुळे मागे राहिलेल्या घराची आठवण डिसेंबरात कशी यावी, हे माणूस कुठल्या घरातून आणि कधी निघालं यावरही ठरे. दक्षिणेत वाढलेल्या लॉटीसाठी ती आठवण नाताळाशी जोडलेली होती.

दक्षिणेतल्या बाप्टिस्ट मंडळाने एकट्या स्त्रियांना पाठवण्याची तयारी दाखवली आणि १८७२ मध्ये लॉटीची धाकटी बहीण एडमोनिया चीनला गेली. दुसऱ्या वर्षी लॉटीही गेली. शानतुंगच्या उत्तर किनाऱ्यावरचं तेंगचौ, म्हणजे आजचं पेंगलाय, हे त्यांचं ठिकाण. एडमोनियाला तिथलं जगणं झेपलं नाही. तब्येत पार ढासळली, तेव्हा १८७६ मध्ये लॉटीने तिला घरी पोहोचवलं आणि १८७७ मध्ये ती एकटीच परतली. इथून पुढे त्या लॉटीबाई.

डिसेंबर १८८५ मध्ये त्यांनी मुक्काम आत, पिंगतूला हलवला. वाट चार दिवसांची, आणि वाहन म्हणजे ‘शेंत्झ’: दोन लांब दांड्यांमध्ये चटईच्या छपराची डोली, एक खेचर पुढे आणि एक मागे. दोन्ही खेचरांची पावलं जुळली नाहीत की आतल्या माणसाची हाडं खिळखिळी होत. घरात झोपायला ‘कांग’, म्हणजे विटांचा रुंद ओटा. चुलीचा धूर त्याच्या पोटातून फिरवलेला असे, त्यामुळे थंडीत तो ऊब देई. बाई रुईभरल्या चिनी अंगरख्यात वावरू लागल्या. त्यांची उंची जेमतेम सव्वाचार फूट, त्यामुळे त्या गर्दीत दिसेनाशा होत. पण रंग आणि नाक लपत नव्हतं. पोरं ‘परदेशी भूत’ म्हणून ओरडत पळत.

पिंगतूत २५ डिसेंबर हा एक साधा दिवस होता. गावाचं पंचांग चांद्र होतं आणि लोकांचं लक्ष वर्षअखेरीच्या महिन्याकडे. त्या महिन्याच्या अष्टमीला धान्यं, कडधान्यं आणि सुकामेवा घालून खीर शिजे. तेविसाव्या दिवशी चुलीच्या देवाची पाठवणी होई. त्याने स्वर्गात जाऊन घराबद्दल गोड बोलावं म्हणून त्याच्या ओठांना मध किंवा गूळसाखरेचा पाक फासत. नाताळ आणि त्यांचं नववर्ष यांत महिना-दोन महिन्यांचं अंतर असे. बाईंच्या सणाची गावाला खबर नव्हती, आणि गावाच्या सणात बाई पाहुण्या होत्या.

चरित्रकार सांगतात की बाईंनी गोड बिस्किटं भाजायला घेतली. पीठ, साखर, अंडी आणि लोणी यांची, व्हर्जिनियात चहाबरोबर खातात तशी. आयांनी पोरांना बजावलं होतं, त्या भुताच्या हातचं खाल्लं तर मराल. पण भट्टीतून दरवळणाऱ्या वासापुढे ताकीद किती टिकणार? एखाद्या धीट पोराने तुकडा तोंडात टाकला, त्याला काही झालं नाही, आणि मग बाकीचे आले. पोरांमागोमाग आया आल्या. अनेक चर्चमध्ये त्या बिस्किटांची कृती आजही लॉटी मून यांच्या नावाने फिरते.

एकटेपण त्यांनी लपवलं नाही. सोबतीला कुणी नसलं की स्वतःच्या सहवासाचाच कंटाळा येतो, असं त्या वरिष्ठांना सरळ लिहीत. दहा वर्षांनंतर माणूस मोडतं, त्याला घरी पाठवायलाच हवं, हेही त्या पुन्हा पुन्हा सांगत. त्यांची स्वतःची रजा केव्हाच थकली होती. पण पिंगतूजवळच्या शालिंग गावची माणसं त्यांना शोधत आली होती, ‘आमच्याकडे येऊन सांगा’ म्हणून. आता निघून जावं तर काम कुणाच्या हवाली करायचं? १८८७च्या त्या पत्राच्या मुळाशी हाच प्रश्न होता.

रिचमंडमध्ये मे १८८८ मध्ये बाप्टिस्ट स्त्रियांचा मिशनरी संघ उभा राहिला. त्याच्या चिटणीस बाल्टिमोरच्या ॲनी आर्मस्ट्राँग. त्यांनी पाठपुरावा करून नाताळाच्या वर्गणीची पाकिटं ठिकठिकाणी पोहोचवली. उद्दिष्ट होतं २,००० डॉलरचं, जमले ३,३१५. त्यातून तीन स्त्रियांना चीनला पाठवता आलं. पहिली १८८९ मध्ये पोहोचली. कामाची घडी बसवून बाई १८९१ मध्ये रजेवर निघाल्या, चौदा वर्षांनी.

पुढची वर्षं धामधुमीची होती. १८९४-९५चं चीन-जपान युद्ध झालं. १९००च्या, परदेशी लोकांविरुद्धच्या बॉक्सर बंडात बाईंना जपानमध्ये फुकुओकाला आसरा घ्यावा लागला, तिथे त्यांनी इंग्रजी शिकवलं. १९०४ मध्ये शेवटची रजा संपवून त्या तेंगचौला परतल्या तेव्हा त्रेसष्ट वर्षांच्या होत्या. एकेकाळी एकटं घर. आता आजूबाजूला तरुण जोडपी, त्यांची मुलं, शाळेतल्या चिनी मुली, कामासाठी येऊन उतरणाऱ्या बाया. सगळ्यांत जुन्या आणि वडीलधाऱ्या म्हणून लोक त्यांच्याकडे येत.

१ जानेवारी १९१२ रोजी चीनच्या नव्या प्रजासत्ताकाने सौर दिनदर्शिका स्वीकारली. राज्यक्रांती, दुष्काळ, रोगराई आणि मिशनवरचं कर्ज यांनी ते वर्ष काळवंडलेलं होतं. बाईंनी आपल्या पैशांतून दुष्काळग्रस्तांना मदत केली. शरीर झिजलं, मन खचलं. सहकाऱ्यांनी त्यांना एका परिचारिकेबरोबर घरी पाठवायचं ठरवलं. जहाज जपानच्या कोबे बंदरात असताना २४ डिसेंबर १९१२ रोजी, वयाच्या ७२व्या वर्षी, त्यांनी प्राण सोडला. अस्थी व्हर्जिनियातल्या क्रू या गावी पुरल्या.

या मृत्यूभोवती लगेच आख्यायिका तयार झाली: स्वतःचा घास भुकेल्यांना देऊन बाई उपाशी मेल्या. इतिहासकार रेजिना सलिव्हन यांनी २०११च्या ग्रंथात ही कथा तपासली आणि उपासमारीची गोष्ट नंतर रचली गेली, असं दाखवलं. आख्यायिका पुसली गेली म्हणून बाई लहान होत नाहीत. उलट त्यांची खरी उंची दिसू लागते. मिशनच्या बैठकीत स्त्रियांना मत नसेल तर राजीनामा देईन, असं बजावणारी ही बाई होती. थकलेल्याला रजा मिळावी, त्याच्या जागी बदली माणूस यावं आणि त्यासाठी लागणारा पैसा घरच्यांनी सणाच्या दिवसांत उभा करावा, हा त्यांचा व्यवहारी हिशेब होता. घरापासून दूर थकलेल्या माणसांची गरज त्यांनी सणाच्या तोंडावर मांडली आणि त्यात त्यांना संकोच वाटला नाही. मला त्यांचं हे मागणं त्यांच्या मरणाच्या कथेपेक्षा मोठं वाटतं.

१९१८ मध्ये, आर्मस्ट्राँगबाईंच्याच सूचनेवरून, त्या वर्गणीला लॉटी मून यांचं नाव दिलं गेलं. आता तिच्यात वर्षाला २० कोटी डॉलरच्या आसपास रक्कम जमते. त्यांची पत्रं २००२ मध्ये कीथ हार्पर यांच्या संपादनाखाली पुस्तकरूपाने आली आहेत. या डिसेंबरात सवड काढून ती वाचा, आणि तुमच्या ओळखीचं कुणी वयस्क माणूस कामानिमित्त परमुलखात सण काढत असेल, तर त्याला तिथे काय हवंय ते विचारा.