गळालेले नमुने

रिंग ऑसिलेटरची वारंवारता चिपगणिक किती बदलेल, हे मला काढायचं होतं. विषम संख्येतले इन्व्हर्टर साखळीने जोडायचे, शेवटच्याचं आउटपुट पहिल्याच्या इनपुटला द्यायचं, की सर्किट दोलायला लागतं. एका टप्प्याचा विलंब गुणिले टप्प्यांची संख्या, त्याची दुप्पट म्हणजे एक आवर्तन. माझी साखळी पाच टप्प्यांची होती आणि वारंवारता सुमारे १ गिगाहर्ट्झ. दोन चिप तंतोतंत सारख्या निघत नाहीत, एकाच चिपवरचे शेजारचे दोन ट्रान्झिस्टरसुद्धा नाहीत. म्हणून मॉन्टे कार्लो पद्धतीत ट्रान्झिस्टरचे गुणधर्म दर वेळी यदृच्छेने थोडे हलवून तेच सिम्युलेशन शेकडो वेळा चालवतात. सर्किट माझं ठीक होतं. चुकलो मी मोजण्यात.

आधी फक्त मिसमॅच धरून, म्हणजे शेजारच्या ट्रान्झिस्टरमधला फरक तेवढा धरून पाहिलं. वारंवारता काढायला फूरिये रूपांतर वापरलं, कारण ते हाताशी होतं. सिम्युलेशन १०० नॅनोसेकंदांचं. इतक्या खिडकीत दोन शेजारच्या वारंवारतांमधलं अंतर १० मेगाहर्ट्झ असतं, म्हणजे १ गिगाहर्ट्झच्या एक टक्का. आणि मी शोधत होतो तो पसाराही एक टक्क्याच्याच आसपास होता! आलेखात ९९०, १०००, १०१० असे सुटे खांब उभे राहिले. ते माझ्या मोजपट्टीचे खांब आहेत हे ओळखायला हवं होतं. मी मात्र त्यांवरूनच सिग्मा, म्हणजे पसाऱ्याचं माप (प्रमाण विचलन), काढला.

मग लहरीने मधली पातळी ओलांडल्याचे क्षण मोजू लागलो, पण एकाच आवर्तनाचे. सिम्युलेटर वेळेची पावलं स्वतः ठरवतो आणि ओलांडण्याचा क्षण दोन गणलेल्या बिंदूंच्या मधून अंदाजाने काढतो. १००० पिकोसेकंदांच्या आवर्तनात त्या अंदाजाची ५ पिकोसेकंदांची चूक म्हणजे अर्धा टक्का. सलग ५० आवर्तनं एकत्र मोजली तर ती चूक पन्नासांत वाटली जाते. पावलंच मोठी असल्याने विलंबात येणारी चूक मात्र अशी वाटली जात नाही. त्यासाठी कमाल पाऊल लहान करावं लागतं आणि सहनमर्यादा कडक ठेवावी लागते. आता मी सगळे बदल बंद ठेवून आधी एकच सर्किट निरनिराळ्या पावलांनी चालवतो. तेवढ्यानेही वारंवारता हलली, तर ते हलणं चिपचं नाही.

खरी गंभीर चूक पुढे झाली. कारखान्यातले चिपगणिक फरकही आता धरले होते, सिग्मा चार टक्क्यांच्या घरात गेला होता. सुरुवातीची आवर्तनं स्थिरावलेली नसतात म्हणून १० सोडायची आणि पुढची ५० मोजायची, असं ठरवलं. साठ आवर्तनांना ६० नॅनोसेकंद लागतात, म्हणून थोडी सवड ठेवून ६४ ला सिम्युलेशन थांबवलं. जो नमुना ९३७ मेगाहर्ट्झपेक्षा मंद, त्याची साठ आवर्तनं ६४ नॅनोसेकंदांत पुरी होतच नाहीत. मोजणी फसली की त्या जागी रिकामा रकाना येई आणि माझी स्क्रिप्ट रिकामे रकाने मुकाट्याने गाळत असे. ठरल्या वेळी शर्यत बंद करून मागे राहिलेल्यांची नावं वगळावीत, तसं झालं. मला हवे होते नेमके तेच मंद नमुने. खालची मर्यादा ९०० होती आणि एकही नमुना तिच्याखाली नाही, असं मी टीमला सांगून टाकलं.

एका सहकाऱ्याने विचारलं, ‘‘नमुने २०० ना? मग आलेखात १८८ का?’’ मला उत्तर देता आलं नाही. सिम्युलेशन लांबवल्यावर ते बाराही नमुने मोजले गेले आणि सर्वांत मंद ८९० वर निघाला. गाळण्याने सरासरी वर सरकली होती आणि सिग्मा आकसला होता. दोन्ही चुका मला सोयीच्या दिशेने होत्या, म्हणूनच त्या खटकल्या नाहीत.

मोजणी फसण्याचं दुसरं कारणही असतं, नमुना दोललाच नाही हे. त्याला शून्य वारंवारता देऊन सरासरीत मिसळणंही चूक आणि टाकून देणंही चूक. त्याची लहर उघडून पाहावी लागते, कारण कधी कधी सुरुवातीचं व्होल्टेज दिलेलं नसल्याने सर्किट समतोल बिंदूवरच बसून राहतं आणि दोष सिम्युलेशनच्या मांडणीत असतो.

सरासरी आवर्तनकाळाचा व्यस्त घ्यावा की वारंवारतांची सरासरी, यावर मी बराच वेळ घालवला. चार टक्के पसाऱ्यात तो फरक ०.१६ टक्के येतो. २०० नमुन्यांतून काढलेला सिग्मा स्वतःच पाचेक टक्क्यांनी इकडेतिकडे होऊ शकतो, आणि मी तो तीन दशांश स्थळांपर्यंत छापत होतो.

मॉन्टे कार्लोचा अहवाल लिहाल तेव्हा सरासरी आणि सिग्माच्या आधी दोन आकडे लिहा. नमुने किती चालवले आणि मोजले किती गेले. ते जुळत नसतील तर अहवाल पुढे पाठवू नका.