पहिली गाडी कोणती?

नांदेडच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात प्रवेश मिळताच लातूरच्या एका तरुणाने घरी ३५० सीसीची बुलेट मागितली. तोवर त्याने गिअरची गाडी चालविलेली नव्हती. आजोबांनी शब्द दिला होता, वडिलांची ऐपत होती. आई मात्र गप्प झाली. हा पेच आज अनेक घरांत पडतो, म्हणून त्याचा शांतपणे विचार व्हावयास हवा.

कायदा येथे पालकाच्या मदतीस येत नाही. वयाची १८ वर्षे पूर्ण झाली की गिअरच्या दुचाकीचा परवाना मिळतो आणि त्याच परवान्यावर १०० सीसीची गाडी चालते, तशीच ६५० सीसीचीही. युरोपात परवान्याच्या पायऱ्या आहेत. आपल्याकडे ती पायरी घरानेच बांधावी लागते.

तरुणाचे म्हणणे निराधार नव्हते. क्लासिक ३५० ची शक्ती जेमतेम २० अश्वशक्ती आहे. तिला एबीएस आहे, जे १०० सीसीच्या गाड्यांना सहसा नसते. महामार्गावर ती स्थिरही राहते. परंतु नवशिक्याची परीक्षा वेगाइतकीच संथ गतीत होते. स्प्लेंडरचे वजन सुमारे ११२ किलो, तर क्लासिकचे १९५. लातूरच्या गंजगोलाईत अर्ध्या क्लचवर जाताना हातगाडी आडवी आली आणि गाडी एका बाजूस कलली, तर हा फरक एका पायावर पेलावा लागतो. मागे आजी बसली असेल, तर तिचाही भार त्याच पायावर. याउलट ३९० ड्यूक वजनाने हलकी. पण तिची शक्ती ४० अश्वशक्तीहून अधिक. घाबरलेला नवशिका मूठ घट्ट आवळतो आणि नकळत अॅक्सिलरेटर पिळला जातो. लहान गाडी अशी चूक पोटात घालते. मोठी घालीलच असे नाही.

मुलाच्या मामांकडे नांदेडला १०० सीसीची जुनी गाडी पडून होती. तीवर एक वर्ष शिकावे, असे त्यांनी सुचविले.

“मामा, कॉलेजात सगळे हसतील.”

“हसू देत. पडलास तर उचलायला ते येणार नाहीत. ही गाडी तुझी तुला उचलता येईल.”

आधी मोकळे मैदान, मग पहाटेचे रस्ते, त्यानंतर गर्दी, पाऊस आणि रात्र, असा क्रम ठरला. अहमदपूर-लोहामार्गे लातूर-नांदेड प्रवास सर्वांत शेवटी. कारण ऊसतोडीच्या हंगामात अंधारात दिवा नसलेली ट्रॉली पुढे उभी असू शकते आणि तेव्हा अंतराचा अंदाजच जीव वाचवतो. बुलेटची रक्कम वर्षभरासाठी मुदत ठेवीत गेली.

पहिल्या पावसाळ्यात मुलगा दोनदा पडला. गुडघा खरचटला, आरसा फुटला. गाडी त्याने स्वतःच उभी केली. बुलेटची हौस त्याला आजही आहे आणि त्यात वावगे काही नाही. ठेवीची मुदत संपेल, तेव्हा ती खुशाल घ्यावी. मात्र तोवर ती हाताळणारे हात तयार झालेले असावेत, एवढीच अट.