दोन्ही जळतेच ना जी!

“डिझेल काय अन् मातीतेल काय, दोन्ही जळतेच ना जी!” पेट्रोल पंपाच्या काउंटरवरच्या माणसानं हे वाक्य माझ्या तोंडावर फेकलं, त्याला आता बरीच वर्षं झाली. 2010 चा खरीप होता. रांगेत उभे असलेले दोघं-चौघं हसले. मी हसू शकलो नाही, आणि ते वाक्य अजूनही मनातून जात नाही. कारण हे दोन पदार्थ एकमेकांपासून वेगळे करायला काय लागतं, ते मी डोळ्यांनी पाहिलं होतं.

आयटीआय फिटर झालो, गावात काम नव्हतं, एका ठेकेदाराच्या हाताखाली मुंबईला गेलो. माहूलच्या रिफायनऱ्यांमध्ये शटडाऊनची कामं असत. तिथे दोन रिफायनऱ्या शेजारी शेजारी आहेत. एक 1954 ची, एस्सोवाल्यांची, ती पुढे हिंदुस्तान पेट्रोलियम झाली. दुसरी 1955 ची, बर्मा शेलची, ती भारत पेट्रोलियम झाली. 1974 साली बॉम्बे हायला तेल सापडलं, पुढे समुद्रातलं आपलं तेलही तिथे येऊ लागलं. शटडाऊन म्हणजे कारखाना थंड करून, वाफेनं धुऊन, वायू तपासून, परमिट घेऊन आत शिरायचं आणि जे झिजलं ते बदलायचं. मॅनहोलपाशी एक माणूस सतत बसलेला असे, आत गेलेल्यांची नावं लिहून घेऊन. तेल उकळून वेगळं करणाऱ्या उंच कॉलमच्या पोटात वाकून ट्रेचे क्लॅम्प आवळण्यात माझे दिवस गेले.

आमच्याकडे मोहाची भट्टी ज्यानं पाहिली आहे, त्याला रिफायनरीचं काम अर्धं समजलेलंच असतं. खाली जाळ, मडक्यातून वर चढणारी वाफ, तिच्यावर थंड पाणी, मग थेंब थेंब धार. पण मोहाच्या भट्टीतून एकच धार निघते. रिफायनरीच्या कॉलममध्ये एकाच लोटातून पाच-सहा जिनसा वेगवेगळ्या उंचीवर उतरवून घ्यायच्या असतात. आधी कच्च्या तेलातलं मीठ काढतात. पाणी मिसळून, विजेच्या दाबाखाली ते पाणी मिठासकट खाली बसवतात, नाहीतर ते मीठ पुढचे पाइप खाऊन टाकील. मग भट्टीत तेल 350 अंशांच्या पुढे तापतं आणि कॉलमच्या बुडाशी शिरतं. वाफ वर चढते, चढता चढता निवते. आत एकावर एक ट्रे, प्रत्येक ट्रेला भोकं, भोकांवर उचलल्या जाणाऱ्या चकत्या. वाफ खालून चकती उचलून बुडबुडत वर जाते, द्रव वरून खाली वाहतो, आणि प्रत्येक ट्रेवर जड आणि हलक्याची थोडी थोडी फारकत होते. माथ्यावरून स्वयंपाकाचा गॅस आणि नॅफ्था. त्याखाली राकेल, म्हणजे आमचं मातीतेल; विमानाचं इंधनही ह्याच पट्ट्यातलं, अधिक कसून साफ केलेलं. त्याखाली डिझेल. बुडाशी जे उरतं ते आणखी तापवलं तर करपतं, रेणू फुटतात, म्हणून ते दुसऱ्या कॉलममध्ये हवा ओढून घेऊन, कमी दाबाखाली उकळतात. त्याच्याही बुडाशी उरतं ते डांबर, किंवा काही रिफायनऱ्यांत कोकर लावून केलेला पेटकोक, जो सिमेंटच्या भट्ट्यांत जळतो. गडचांदूर-आवारपूरच्या सिमेंटच्या धुळीत वाढलेल्या माझ्यासारख्याला ह्याचं अप्रूप वाटलं. पिंपाच्या तळाचा गाळसुद्धा कुठल्या तरी भट्टीपर्यंत पोचतो, काही वाया जात नाही.

पण मला सांगायचं आहे ते मधल्या दोन ट्रेंबद्दल. राकेल साधारण 150 ते 270 अंशांत उकळतं, डिझेल त्याच्या थोडं वर, 350-360 पर्यंत. मधे दोघांची हद्द एकमेकांत शिरलेली असते. म्हणून बाजूच्या छोट्या स्ट्रिपरमध्ये वाफ सोडून डिझेलमधला हलका भाग हाकलून परत कॉलममध्ये पाठवतात. कंट्रोल रूममधला ऑपरेटर रात्रभर चार-दोन अंशांसाठी जागा असतो. मग गंधक काढायला हायड्रोजनच्या दाबाखाली आणखी एक फेरी. आता तर 2020 च्या एप्रिलपासून डिझेलमध्ये दहा लाख भागांत फक्त 10 भाग गंधक चालतं. इतकी मेहनत करून जे वेगळं केलं, ते कुठल्या तरी शेडमध्ये एका रात्रीत पुन्हा एक करता येतं. त्याला लागतं काय? एक पाइप आणि एक टँकर.

माहूल सोडून मी घरी आलो, बाबांची तब्येत बिघडली म्हणून. कर्ज काढून ट्रॅक्टर घेतला. मृगाच्या तोंडावर वखरणी चालू असताना ट्रॅक्टरचं इंजिन खडखडायला लागलं, ताकद गेली, धूर वाढला आणि एका दुपारी ते धुऱ्यावरच बंद पडलं. गडचांदूरच्या मिस्त्रीनं इंजिनाचा डिझेल पंप खोलला. आमच्या ट्रॅक्टरला रोटरी पंप होता. त्याला वेगळं ऑइल नसतं. जे डिझेल वाहतं तेच त्याचं वंगण. आतल्या भागांमधली फट मिलिमीटरच्या हजाराव्या भागात मोजायची. राकेल पातळ, त्याला तेवढा चिकटपणा नाही. मिस्त्रीनं रोटर हातात दिला, त्यावर उभे ओरखडे होते. “भाऊ, हे मातीतेलाचं काम आहे,” तो म्हणाला. “ह्या हंगामात असे लय पंप आले माह्याकडे.”

पाऊस पडला, शेजाऱ्यांच्या सऱ्या पडल्या, कपाशी टोबून झाली. माझं वावर तसंच. भाड्याचा ट्रॅक्टर मिळेना, बैलजोडी मिळाली ती उशिरा.

जिथून डिझेल भरलं होतं त्या पेट्रोल पंपावर मी गेलो. भांडायला नाही, मोजायला. पंपावर हायड्रोमीटर, थर्मामीटर आणि काचेचा जार ठेवावाच लागतो आणि गिऱ्हाइकानं मागितलं तर घनता मोजून दाखवावी लागते, हे मला ठाऊक होतं. जारमध्ये डिझेल घ्यायचं, घनता आणि तापमान वाचायचं, तक्त्यावरून 15 अंशांना किती होते ते काढायचं आणि टँकरच्या चलनावरच्या आकड्याशी ताडायचं. घनमीटरला 3 किलोपेक्षा जास्त फरक पडला तर माल संशयित. राकेल हलकं असल्यामुळे मिसळलं की आकडा खाली येतो. पाच मिनिटांचं काम.

आधी मला सांगितलं, साहेब नाहीत. मग सांगितलं, जार फुटला आहे. मी म्हणालो, मी थांबतो, जार आणा. ऊन होतं, मी पंपाच्या टिनाखाली उभा राहिलो. ट्रक येत होते, सिमेंटचे, कोळशाचे, टाक्या भरून जात होते. शेवटी तो काउंटरवरचा माणूस बाहेर आला. माझ्या बाबांना ओळखणारा, वयानं मोठा. “तुह्या बापानं कधी आमच्यावर शंका नाही घेतली,” म्हणाला. मी म्हटलं, “काका, शंका नाही, मोजून दाखवा एवढंच.” तेव्हा तो रांगेकडे तोंड करून ते वाक्य बोलला. तक्रारवही मागितली तर ती ऑडिटला गेली होती.

मी लेखी तक्रार केली. ट्रॅक्टरच्या टाकीतलं डिझेल बाटलीत भरून नेलं होतं. संबंधित कार्यालयात सांगितलं की गिऱ्हाइकाच्या टाकीतला नमुना पुरावा होत नाही, पंपाच्या नळीतूनच घ्यावा लागतो. नियम बरोबर आहे, मला कळतो. उद्या मीच बाटलीत राकेल ओतून आणलं तर? पण मग नमुना घ्यायला त्या दिवशी तरी यावं! अधिकारी आले तोवर पंपाची जमिनीखालची टाकी कितीदा रिकामी होऊन भरली असेल. ॲल्युमिनियमच्या डब्यांत नमुने घेतले, सील लावलं, सह्या झाल्या. सगळं रीतसर. प्रयोगशाळेत तो नमुना छोट्या फ्लास्कमध्ये उकळतात आणि किती अंशाला किती भाग उडाला ते टिपतात, म्हणजे रिफायनरीचंच काम हातभर भांड्यात पुन्हा करतात. तोंडी कळलं की नमुना पास झाला. लेखी अहवाल मला कधीच मिळाला नाही. त्यांच्या लेखी प्रकरण संपलं, आणि त्या हंगामात माझ्या घरात कपाशी निम्मी आली.

पुढच्या जानेवारीत, 25 तारखेला, मनमाडजवळ पानेवाडीला मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना तेलचोरांनी भर दिवसा पेटवून मारलं. ते चोरी पकडत होते. त्यानंतर राज्यभर धाडी पडल्या, सरकारी कर्मचाऱ्यांनी काम बंद ठेवलं. ती बातमी वाचून माझ्या पंपाचा हिशेब मला क्षुल्लक वाटला, आणि त्याच वेळी राग दुप्पट झाला. एका अधिकाऱ्याचा जीव गेल्यावर जी धाड चार दिवसांत पडू शकते, ती आधी का पडत नव्हती?

ह्या सगळ्यात एक गोष्ट मला उशिरा उमगली. माझ्या टाकीत आलेलं राकेल कुणाचं होतं? त्या वेळी रेशनचं राकेल 12-13 रुपयांच्या आसपास होतं, डिझेल जवळपास तिप्पट. मधला पैसा खाण्यासाठी गुड्यांवरचं, म्हणजे डोंगरातल्या आदिवासी वस्त्यांवरचं, राकेल पळवलं जात होतं. रेशनचं राकेल ओळखू यावं म्हणून निळं केलेलं असे, तर तो रंग काढायच्याही युक्त्या होत्या. जिवतीच्या डोंगरातल्या कोलाम, गोंड बाया डबडी घेऊन उभ्या राहायच्या आणि “ह्या महिन्यात कमी आलं” असं ऐकून परत जायच्या. माझा पंप झिजला, दुरुस्त झाला. त्यांच्या घरात संध्याकाळ झाली की अंधार, आणि त्याची तक्रार लिहून घ्यायला कुठलंच कार्यालय नव्हतं.

हे उमगलं नव्हतं तेव्हा मी चारचौघांत सांगत फिरायचो की रेशनचं राकेलच बंद करा, चोरी आपोआप थांबेल. पुढे तसंच झालं. 2014 च्या ऑक्टोबरात डिझेलचे भाव मोकळे झाले, 2016 पासून राकेल थोडं थोडं महाग होत गेलं, त्याच वर्षी उज्ज्वला योजनेचे सिलिंडर आले, कोटा घटत घटत गेला. आता डिझेलमध्ये राकेल ओतून कुणाला फायदा उरला नाही. मिस्त्रीकडे तसे ओरखडे आलेले रोटर येत नाहीत. मी जे मागत होतो ते मिळालं, आणि मला ते पटत नाही. माझ्या पंपावरचा चोर कुणी पकडलाच नाही, चोरण्यासारखं काही उरलं नाही एवढंच. सिलिंडर भरायला पैसे नसलेल्या आणि वादळात वीज दोन-दोन दिवस गेलेल्या गुड्यावर आज पेटवायला तेल मागूनही मिळत नाही. पळवणाऱ्यानं पळवलं, आणि बंद झालं ते ज्यांचं होतं त्यांचं.

तरीही पंपावर गेलात तर जार मागा. पेट्रोल असेल तर फिल्टर पेपर मागा: थेंब टाकला की दोनेक मिनिटांत उडाला पाहिजे, डाग राहता कामा नये. माप कमी वाटलं तर 5 लिटरचं शिक्क्याचं माप मागा. मागचे लोक हॉर्न वाजवतील, वाजवू द्या. आणि तक्रार केलीत तर अहवाल लेखी मागा, पहिल्याच दिवशी, अर्जातच तसं लिहून. मी तेव्हा तोंडी उत्तरावर परत आलो नसतो तर वेगळं काही झालं असतं का, सांगता येत नाही; बहुधा नसतंच झालं. पण त्या पंपाच्या टाकीत त्या आठवड्यात काय होतं ते कागदावर कुठेतरी लिहिलेलं असायला हवं होतं, आणि तो कागद माझ्या हातात यायला हवा होता.